पिंपळनेरला गेलेलं पेट्रोल

सकाळी दहाच्या चहाला भटू अहिररावने सवयीने आजच्या फाइलचा कागद पुढे ओढला, आणि दुसऱ्याच घोटाला त्याचा चहा नाकात गेला.

धुळ्याच्या तेल डेपोत भटू कारकून होता. चार महिन्यांपूर्वी, नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, कंपनीने त्याला तीन दिवस मुंबईला शिकायला पाठवलं. तिथून तो एक्सएमएल नावाची नवी पद्धत शिकून आला. तेलधंद्यातल्या सगळ्यांनी आपली माहिती एकाच साच्यात लिहायची, म्हणजे कुठल्याही कंपनीचा कुठलाही कंप्युटर ती वाचू शकेल. कंसात नाव लिहायचं, पुढे माहिती, आणि मग पुन्हा कंसात तेच नाव, पण आधी एक तिरकी रेघ. जे उघडलं ते बंद झालंच पाहिजे. रोज सकाळी सातला भटू अशी फाइल तयार करायचा, ती फोनच्या तारेवरून मुंबईला जायची, मुंबईचा कंप्युटर ती तपासायचा आणि ‘वैध’ असा शेरा परत पाठवायचा. मग डेपोतल्या प्रिंटरमधून इंग्रजी चिठ्ठ्या खडखडत निघायच्या आणि टँकर भरायला जायच्या. चार महिन्यांत भटूची एकही फाइल परत आली नव्हती. हल्ली तो बायकोशी भांडतानासुद्धा म्हणायचा, “आधी उघडलेला मुद्दा बंद कर, मग दुसरा उघड.”

आजचीही फाइल वैध होती. प्रत्येक कंस जागच्या जागी होता. फक्त शिरपूरच्या पंपाची नोंद उचलून खाली चिकटवताना भटूने नाव बदलून पिंपळनेर केलं होतं, लिटर बदलले होते, पत्ता बदलला होता, आणि माल बदलायचा राहिला होता. पिंपळनेरच्या नर्मदाबाईंच्या रॉकेलच्या दुकानाला बारा हजार लिटर पेट्रोल.

भटू पळतच टँकर भरायच्या फलाटावर गेला. तिथे खिळ्याला चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती लावलेल्या होत्या. पिंपळनेरच्या चिठ्ठीवर पेट्रोल असंच छापलेलं होतं आणि खाली वनाची खूण होती, पेन्सिलीची ठसठशीत बरोबर. म्हणजे चिठ्ठीप्रमाणे माल भरला. वना गेली बावीस वर्षं टँकर भरत होता. पहाटेची पाळी संपवून तो नऊलाच शिंदखेड्याला भाचीच्या लग्नाला निघून गेला होता. टाक्यांमध्ये कांडी घालून साठा मोजायचे तो संध्याकाळी. तोवर थांबणं शक्यच नव्हतं.

गेटवर मोतीलाल पहारेकरी बसला होता.

“छगनचा पिंपळनेरचा टँकर कधी निघाला?”

“साडेआठले. का हो भटूभाऊ, तोंड असं पांढरं कसं पडनं?”

भटूने सांगितलं. गेटवरच्या फोनवरून त्याने पिंपळनेर लावून पाहिलं, लागेना. मोतीलालच्या घरी स्टोव्हच होता. तो उठला आणि त्याने आपल्या राजदूत मोटारसायकलला किक मारली. मॅनेजर कोठारीसाहेब जीप घेऊन जळगावला गेले होते. तिथे जिल्ह्याभरच्या पंपमालकांपुढे त्यांचं भाषण होतं, आणि ते भाषण काल भटूनेच टाइप केलं होतं. ‘या पद्धतीत चूक होणे अशक्य आहे,’ हे त्यातलं शेवटचं वाक्य.

कुसुंबा मागे पडलं. मागे बसलेल्या भटूच्या डोळ्यांसमोर स्टोव्ह येत होते. रांगेतले शंभर डबे, शंभर घरं, शंभर बायका पिन मारून पंप करताहेत आणि काडी ओढताहेत. नेरच्या अलीकडे राजदूतने दोन आचके दिले आणि ती थांबली.

“काय झालं?”

मोतीलालने टाकीचं झाकण उघडलं, आत डोळा लावला आणि झाकण हळूच बंद केलं. “पेट्रोल सरनं.”

“पेट्रोलच्या डेपोवर बसतोस ना रे तू!”

“गेटवर बसस, भाऊ. टाकीवर नही.”

दोघांनी नेरच्या पंपापर्यंत दीड किलोमीटर गाडी ढकलली. साक्रीला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. वाटेत टँकर दिसला नाही. भटू एसटीडीच्या खोक्यात घुसला आणि नर्मदाबाईंचा नंबर फिरवला. नवऱ्यामागे वीस वर्षं दुकान सांभाळणाऱ्या या बाईंना पिंपळनेरात सगळे अक्का म्हणत. दुकान त्या एकहाती चालवत, पण उजवा कान कामातून गेला होता, आणि फोन त्या सवयीने उजव्याच कानाला लावत.

“अक्का, धुळ्याहून भटू बोलतोय. टँकर आला का?”

“आतेच उना!”

“उतरवू नका! ऐकलंत का? माल उतरवू नका!”

“आं?”

“उतरवू नका! लगेच! घाईचं आहे!”

“हां हां, लगेच उतारस ना! इतली काय घाई शे तुमले?” मग फोनपासून तोंड फिरवून त्या ओरडल्या ते भटूला स्पष्ट ऐकू आलं, “छगन, जेवन ठेव बाजूले! नळी लाव! साहेब लोके लगेच उतार म्हनी राहिनात!”

फोन खाली ठेवला गेला. भटूने पुन्हा लावला. लागेना. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा कुणीतरी फोन बाजूला काढून ठेवला होता.

साक्री ते पिंपळनेर मोतीलालने राजदूत कशी पळवली हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. भटूने डोळे मिटून घेतले होते. मध्ये एकदा त्याने फक्त एवढंच विचारलं, “पेट्रोलनं स्टोव्ह खरंच उडतो का रे?” मोतीलालने गाडी आणखी जोरात सोडली, आणि भटूला उत्तर मिळालं.

नर्मदाबाईंच्या दुकानापुढे रॉकेलची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. तीन आठवड्यांनी माल आला होता. टँकरची नळी जमिनीतल्या टाकीत सोडलेली, आणि छगन ड्रायव्हर सावलीत बसून भाकरी मोडत होता.

“बंद करा!” भटू गाडीवरून उतरला तोच पडला आणि पडल्या पडल्याच ओरडला. “पेट्रोल आहे! पेट्रोल! कुणी काडी ओढू नका!”

क्षणभर कुणी हललं नाही. मग सगळेच एकदम हलले. डबे उडाले, चपला राहिल्या. चहावाल्याने भट्टीवर पाण्याची बादली ओतली, आणि ती कमी वाटली म्हणून वर दुधाचं पातेलंही ओतलं. बिडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याने घाबरून बिडी फेकण्याऐवजी सदऱ्याच्या खिशात टाकली. खिशातून धूर निघायला लागला तशी रांग त्याच्यापासून लांब पळाली आणि तो मदतीसाठी रांगेच्या मागे पळाला. शेवटी मोतीलालने त्याला गुरांच्या हौदात बसवलं.

नर्मदाबाईंनी तेवढ्यात कॉक बंद केला होता. त्यांनी डावा कान भटूकडे वळवला.

“पेट्रोल कसं काय, रे भाऊ?”

“चूक झाली, अक्का. माझी. आधी सांगा, कुणाला दिलं का यातलं?”

“एकलीलेच. सुनंदाले. तिना घर पाहुना येल शेत, पोरीले दखाले. म्हनीसन तिले पहिलं दिधं.”

“घर कुठं?”

अक्कांनी बोट दाखवलं. भटू पळाला.

सुनंदाबाईंच्या ओसरीवर चार पाहुणे टोप्या सावरून बसले होते. नवरी मुलगी खाली मान घालून उभी होती. आतून स्टोव्हचा भर्रर्र आवाज येत होता. भटूने पाहुण्यांच्या पायांवरून उडी मारली, स्वयंपाकघरात शिरला, दिसलेली बादली उचलली आणि चुलीजवळच्या स्टोव्हवर, त्यावरच्या कढईवर, कढईतल्या पोह्यांवर आणि पोहे परतणाऱ्या सुनंदाबाईंवर उपडी केली.

आवाज थांबला. भिजलेल्या सुनंदाबाई हातात झारा घेऊन हळूहळू उभ्या राहिल्या.

“बाई, बाहेर व्हा! त्यात पेट्रोल आहे! डेपोतून चुकून—”

“कोन म्हने पेट्रोल?”

“मी डेपोतलाच आहे. मीच पाठवलं.”

सुनंदाबाईंनी कोपऱ्यातला डबा ओढला, झाकण काढलं आणि त्याच्या नाकाखाली धरला. “दख. डोया उघडीसन दख.”

भटूने बघितलं. डब्यात निळंशार रॉकेल होतं. रेशनच्या रॉकेलला कंपनी जो निळा रंग टाकते तोच. भटूने बोट बुडवलं, वास घेतला, पुन्हा बुडवलं. रॉकेलच होतं.

इतक्या आनंदाची बातमी ऐकून एखादा माणूस इतका खजील झाल्याचं पाहुण्यांनी आधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यातला थोरला खो-खो हसायला लागला म्हणून बरं झालं. सुनंदाबाईंनी पदर पिळला आणि भटूला हॉटेलात शेव-जिलबी आणायला पिटाळलं. आणल्यावर वाढायलाही त्यालाच लावलं. ओल्या पँटीने तो ताटल्या फिरवत असताना मुलीची पसंती झाली. बाहेर छगनने नळी पुन्हा लावली होती आणि लोक आपापल्या चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी कोठारीसाहेब टेबलावर दोन कागद ठेवून बसले होते. एक पिंपळनेरचा तक्रारअर्ज, त्यात दुधाच्या पातेल्याचाही उल्लेख होता. दुसरा मुंबईचा. संध्याकाळच्या मोजणीत पेट्रोल बारा हजार लिटर जास्त आणि रॉकेल तेवढंच कमी भरलं होतं, त्याचा खुलासा मागवला होता.

“साहेब, चूक माझी आहे,” भटू म्हणाला. “फाइलमध्ये मीच पेट्रोल लिहिलं.”

“फाइल वैध आहे, अहिरराव. मुंबईने स्वीकारली आहे. चिठ्ठीत पेट्रोल असताना रॉकेल भरलं कुणी?”

“वनाने. पण साहेब, त्याने भरलं म्हणून तर...”

“चिठ्ठी मोडली. मेमो टाइप करा त्याच्या नावाने. उत्तर आजच हवं.”

भटू मेमो घेऊन फलाटावर गेला. लग्नाहून आलेला वना डोक्याला उपरणं बांधून टँकरवर उभा होता. भटूने त्याला खाली बोलावलं आणि आधी त्याचे पायच धरायला वाकला.

“अरे, अरे, काय करी राहिना भाऊ?”

“वनानाना, तुम्ही काल माझी नोकरी वाचवली. पिंपळनेर वाचवलं. आणि तुम्हालाच मेमो आलाय. पण मला एक सांगा, चिठ्ठीत चूक आहे हे तुम्ही ओळखलं कसं?”

वनाने उपरणं काढून तोंड पुसलं. “कसानी चूक?”

“चिठ्ठीत पेट्रोल लिहिलं होतं ना!”

“व्हई का?” वनाने स्थळप्रतींच्या खिळ्याकडे नव्याने पाहिलं. “ती विंग्रजी मा रहास, भाऊ. आम्हले कोठे येस विंग्रजी?”

“मग... मग टँकर भरता कसा?”

“डायवरले इचारस. कोठे चालना रे? छगन बोलना, पिंपळनेर. पिंपळनेरले घासलेट. शिरपूरना डायवर येस, त्याले पेट्रोल. मंग चिठ्ठीवर बरोबर करी देस.”

“आणि हे... किती दिवस?”

“ते नवं मशीन येल शे ना तुमनं, तवपासून.”

भटू खाली पायरीवर बसला. मग तो साहेबांच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि वनाचं उत्तर तोंडीच सांगितलं.

कोठारीसाहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर कालच्या जळगावच्या सत्काराचा हार अजून ताजा होता. त्यांनी मेमो हातात घेतला, त्याचे दोन तुकडे केले, मग चार केले, आणि ते स्वतःच्या खिशात टाकले.

“मुंबईला लिहा, मोजणीत कांडी वाकडी गेली.”

“हो, साहेब.”

भटू दारापर्यंत गेला तेव्हा साहेबांनी हळू आवाजात विचारलं, “अहिरराव, हे ड्रायव्हर लोक कुठे चाललो ते खरं सांगतात ना?”

“आजवर तरी खरंच सांगत आलेत, साहेब.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “मग चालू द्या.”