एकशे चाळीस अर्हत

सुखदेवराव जपानहून कर्वेनगरला परतले ते धुमसतच. बॅगा उघडायच्या आधी त्यांनी बायकोपुढे मोबाइल धरला.

"जया, एकशे चाळीस फोटो, आणि चारचौघांत दाखवण्यासारखा एक नाही! हे म्हणे अर्हत, निर्वाणाला पोचलेले! हा बघ, कानाला हेडफोन. हा मांजर कुरवाळतोय. आणि हे दोघं चक्क दारूचे पेले घेऊन बसलेत. पंचशील कुठं गेलं?"

दोष लेकीचा. मैत्री तिकडे नोकरीला, रजा एकच दिवस. मोठ्या मंदिरापुढची रांग बघून ती म्हणाली, "बाबा, एक भारी जागा दाखवते," आणि बापाला डोंगरातल्या, कुणी नावही न ऐकलेल्या मंदिरात घेऊन गेली. तिथं शेकडो दगडी पुतळे, आणि झाडून सगळे खिदळणारे. आता बोला!

पौर्णिमेला विहारात सुखदेवरावांचं व्याख्यान ठरलेलं. तीस वर्षं धम्मावर बोलणारा माणूस; सभेत कुणी खोकलं तरी थांबून रोखून बघणारा. ती सगळी अब्रू आता त्या मांजरवाल्याच्या हातात! त्यांनी विहाराचे सचिव रंगनाथ यांना फोन लावला.

"व्याख्यान रद्द करा. मी आजारी आहे म्हणून सांगा."

"फळ्यावर लिहून झालंय. आजारी असाल तर बसून बोला."

"मग निदान फोटो नकोत."

"मैत्रीनं पाठवलेत मला. सगळे दाखवणार. लोक बघायला येतायत, ऐकायला नाही."

पौर्णिमेला विहार गच्च भरला. वंदना झाली, पडद्यावर हेडफोनवाला आला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. सुखदेवरावांनी डोळे वटारले. मांजर आलं. पेले आले तेव्हा पहिल्या रांगेलासुद्धा हसू फुटलं. त्यांच्या तिसऱ्या वाक्याला हमखास डुलकी घेणाऱ्या चंद्रभागाबाई आज ताठ बसून होत्या.

"अगदी आपल्यातलेच वाटतायत हो!" त्या म्हणाल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" सुखदेवराव कडाडले. लोक आणखीच हसले.

तेवढ्यात त्यांनी स्वतःही न पाहिलेला फोटो आला. मैत्रीनं गुपचूप काढलेला. शेवाळलेल्या पुतळ्यांच्या रांगेत राखाडी स्वेटर, राखाडी माकडटोपी, आवळलेले ओठ आणि जगावर खार खाल्लेली नजर. खुद्द सुखदेवराव!

जयाबाईंनी तोंडात पदर कोंबला. बाकी सभा चिडीचूप झाली. चंद्रभागाबाईंना मोतीबिंदूमुळे पुतळा कुठला नि माणूस कुठला ते कळलं नाही. त्यांनी पुढे वाकून भक्तिभावानं हात जोडले.

"आणि हे कोण हो? बाकीचे कसे हसतायत, हे एकटेच का असे रागावलेले?"

सुखदेवरावांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घसा साफ केला.

"ते होय?" ते म्हणाले. "ते अजून घडवायचे राहिलेत."