कॉम्प्युटरच्या व्रताची कहाणी

एका जंगलात, बाळांनो, करवंदं होती, झरा होता, सिंहसुद्धा होता. रेंज तेवढी नव्हती. मग सिंहमहाराजांनी टॉवर बसवला.

टॉवरखाली एक कॉम्प्युटर आणि एक रेडिओ. हा रेडिओ गाणी लावणारा नव्हे हं. कॉम्प्युटर बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करायचा, प्रत्येकावर वेळ लिहायचा आणि रेडिओकडे द्यायचा. रेडिओ तो तुकडा बरोब्बर त्या वेळेला हवेत सोडायचा. उशिरा आलेला तुकडा टाकून द्यायचा आणि पडद्यावर लिहायचा, ‘लेट’.

गोदाक्का मुंगसिणीची लेक वेणू नदीपल्याड राहायची. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. गोदाक्का रोज फोन लावायची.

“आई, ऐक, डॉक्टर म्हणाले की…”

की फोन बंद. डॉक्टर काय म्हणाले ते काही कळेना.

हुप्पाजी माकड टॉवरचे इंजिनियर. त्यांनी टॉवर दोन हात उंच केला. मग त्याला पिवळा रंग दिला. फोन तुटतच राहिले आणि पडद्यावर येत राहिलं, लेट, लेट, लेट.

कोल्हीणबाईंनी ते पाहून हात जोडले. “काय एकाग्र जप आहे हो. मन म्हणून ढळत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून टॉवरखाली भजनी मंडळ बसलं.

गोदाक्काही दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी टाळ खाली ठेवून रेडिओला म्हणाली, “भाऊ, जप कुणाचा चाललाय?”

“जप कसला, अक्का. तक्रार आहे. हा मला तुकडे उशिरा देतो.”

गोदाक्का कॉम्प्युटरकडे वळली. “का रे बाबा?”

“माझं व्रत आहे, अक्का. वीज वाचवायचं. जरा काम कमी झालं की डोळे मिटायचे. कारखान्यातून निघतानाच घेतलंय. पुन्हा उघडायला वेळ लागतो, पण पापणी लवते तेवढाच.”

“तेवढ्यात माझ्या लेकीचं बोलणं सांडतं रे.”

हुप्पाजी घाबरले. “व्रत मोडायचं? पाप लागेल. त्यापेक्षा निळा रंग देऊन बघू.”

“मोडायचं कशाला?” गोदाक्का म्हणाली. “उद्यापन करू. माझ्या हातून अशी नऊ पार पडलीत.”

तिने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, पुरणाचा नैवेद्य दाखवला. वाण म्हणून एक पंखा दिला. आता सतत जागं राहायचं म्हणजे अंग तापणारच ना.

हुप्पाजींनी डोळे मिटून वीज वाचवायचं बटण बंद केलं. पडदा स्वच्छ झाला. जप थांबला म्हणून भजनी मंडळ हिरमुसलं.

गोदाक्काने फोन लावला.

“आई, किती दिवस सांगतेय. तिळी आहेत म्हणाले डॉक्टर. तीन दुपटी घे आणि नीघ.”

गोदाक्का निघाली. बाळंतपण सुखरूप झालं. इकडे महाराजांनी पिवळ्या रंगाबद्दल हुप्पाजींचा सत्कार केला.

तात्पर्य: बाळांनो, चांगल्या सवयी अवश्य लावून घ्या. फक्त मग टॉवरवर नोकरी धरू नका.