टेकू बसवा, आत्या उतरवा

वाक्य तसं साधंच होतं. पण मिस्त्रीनं ते अंगणात उभं राहून, खड्या आवाजात आणि वरच्या खिडकीकडे न बघता उच्चारलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

"डॉक्टर, ही एक जोडी बसवली की मागच्या सीटवर आत्या बसवायची गरज नाही!"

दाताचे डॉक्टर खो खो हसले. मिस्त्रीही हसला. वरची खिडकी धाडकन बंद झाली.

आता या वाक्याच्या पोटात मिस्त्रीचं अख्खं बालपण होतं, हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार? घरासमोरचा रस्ता थेट चढाचा. कुठंही जायचं म्हटलं तरी आधी तो चढ. रविवारी सगळं घर वडिलांच्या गाडीत बसायचं, वडील गियर टाकायचे, आणि मागचं डावं चाक एखाद्या हट्टी पोरासारखं थयथयाट करायला लागायचं. गाडी जागच्या जागी हादरायची, रबर जळल्याचा वास सुटायचा. मग वडील इंजिन बंद करून खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि वर बघून हाक मारायचे, "ताई! ये बाई खाली. तुझ्याशिवाय काही ही चढायची नाही!"

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती वरच्या खोलीत राहायला आली होती. अंगानं भरदार आणि जिभेनं त्याहून. "आले रे, आले! तुमच्या गाडीपायी माणसाला घटकाभर पडता येत नाही," असं करवादत ती जिना उतरायची आणि मागे डावीकडे बसायची. गाडीचे पाटे कुरकुरत खाली दबायचे आणि गाडी निमूटपणे चढ चढून जायची. बाग, सर्कस, समुद्र, कुणाकुणाची लग्नं... मिस्त्रीच्या आठवणीतल्या प्रत्येक रविवारी खिडकीकडेची जागा आत्याची होती, आणि तिच्या दंडाला टेकून झोपायची जागा त्याची. सोमवार उजाडला की वडील गाडी घेऊन ऑफिसला जायचे आणि घर पुन्हा गप्प व्हायचं.

त्या थयथयाट करणाऱ्या चाकानंच पोराला पुढं मिस्त्री केलं. जुन्या गाड्यांना मागे लोखंडी पाट्यांच्या कमानी असतात. इंजिनानं जोर लावला की कमान पिळवटते आणि चाक रस्ता सोडून उडायला लागतं. यावर तयार भाग मिळतात, पण त्या किमतीत आणखी एक जुनी गाडी दारात येईल. मिस्त्रीनं वडिलांच्या गाडीखाली कित्येक दुपारी उताणं पडून आपला स्वतःचा भाग बनवला. जाडसर लोखंडी दांडा, त्याचं एक टोक ॲक्सलला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. वेल्डिंग नको, कापाकापी नको. पाना फिरवता आला की झालं, आणि पगारदार माणसाच्या खिशालाही झेपेल असा. त्याचं नाव त्यानं ठेवलं टेकू. वडील हयात असते तर पहिली जोडी त्यांच्याच हातानं बसवायची असं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं.

डॉक्टर जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी होते. त्यांच्या गाडीत नवं दांडगं इंजिन बसवलेलं, त्यामुळे त्यांचं चाक तर भर सिग्नलवर उड्या मारायचं. मिस्त्री टेकू लावलेली गाडी घेऊन झटक्यात चढ चढून गेला, तोही आत्याशिवाय, हे बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी मंडळातल्या त्याच बनावटीच्या सगळ्या गाड्यांसाठी टेकू सांगितले. येत्या रविवारी मंडळाची गावातून फेरी निघायची होती. त्याआधी सगळे बसले पाहिजेत, एवढीच अट. वर त्यांनी हौसेनं एक पाटीही रंगवून आणली आणि स्वतःच दुकानाच्या दारावर ठोकली. 'टेकू बसवा, आत्या उतरवा!'

दुकान आत्याच्या खिडकीखालीच होतं.

त्या संध्याकाळी आत्या जेवायला खाली आली नाही. मिस्त्रीची बायको ताट घेऊन वर गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

"जेवल्या?"

"जेवल्या. वर म्हणाल्या, माझं वजन आता कुणाच्या कामाचं नाही, तेव्हा उद्यापासून निम्मंच वाढ."

"अगं, मी गमतीनं बोललो!"

"मग गमतीनं वर जाऊन सांगा. मला का सांगताय?"

मिस्त्री वर गेला. आत्या विणत बसली होती. त्यानं "आत्या" म्हटलं, तिनं सुई बदलली. त्यानं पुन्हा "आत्या" म्हटलं, तिनं टाके मोजायला घेतले. एरवी अखंड चालणाऱ्या त्या तोंडानं मिठाची गुळणी धरली होती. "दोन दिवसांत येईल वळणावर," असं स्वतःला समजावत तो खाली आला.

शुक्रवारी टेकू रंगून तयार झाले आणि सगळ्यात आधी डॉक्टरांची गाडी आत आली. गाडी वडिलांच्या गाडीच्याच बनावटीची, त्याच सालातली. उजवा टेकू चटकन बसला. डावा बसेना. मागचा बोल्ट लावला की पुढचं भोक अर्ध्या बोटानं चुकायचं. मिस्त्रीनं ठोकून पाहिलं, खेचून पाहिलं, टेकू उलटा धरून पाहिला. मग दुसरी गाडी आत घेतली. तिथंही तेच, आणि तेही डावीकडेच.

"भोक जरा लांबट करा ना," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दाताला मोठं भोक पाडून वर कागदाचा बोळा कोंबता का? टेकू खडखडेल, डॉक्टर."

मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरला. वर बघत पडून राहिला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते मापात नव्हतं. गाडीखाली फार शांतता होती. वडिलांच्या गाडीखाली माप घेताना कधी एवढी शांतता नव्हती. तिथं वरून सारखा आवाज यायचा. "तुझ्या बापानं एकदा काय केलं माहितीये का..."

मिस्त्री ताडकन उठला आणि त्याचं कपाळ सायलेन्सरवर आपटलं.

आत्या! दुपारी विणकाम घेऊन ती गाडीत येऊन बसायची. तिथं उजेड चांगला आणि सीट सवयीची. मागे, डावीकडे. तिच्या भारानं पाटा सपाट व्हायचा, सपाट झाला की लांब व्हायचा, आणि खाली पडलेला मिस्त्री त्या लांब झालेल्या पाट्याचं माप इमानेइतबारे घ्यायचा. आत्या उतरवणारा टेकू आत्या बसल्याशिवाय बसणार नव्हता.

"एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले. "मी बसतो." डॉक्टर बसले. पाट्याला त्याचा पत्ताही लागला नाही. मग डॉक्टर आणि मिस्त्रीची बायको दोघं बसले, तर भोक पलीकडच्या बाजूनं चुकलं. वाळूचं पोतं आणलं, तेव्हा डॉक्टर दारात आडवे झाले. "नव्या सीटवर पोतं? माझ्या प्रेतावरून न्या!" दुसरे टेकू बनवायला वेळ नव्हता. फेरी परवावर आली होती.

"अडला हरी..." बायकोनं सुरुवात केली आणि वरच्या खिडकीकडे बघून म्हण अर्ध्यावरच गिळली.

"पूर्ण कर की!" खिडकीतून आवाज आला. "गाढवाचे पाय धरी! म्हणजे मी गाढव, असंच ना?"

"आत्या, अगं हरी तरी कुठला शहाणा आहे?" मिस्त्री खालून ओरडला. "तुझ्याशिवाय एक बोल्ट बसत नाहीये!"

"का? आत्या उतरवली ना तुम्ही? गरज सरो, वैद्य मरो!"

मिस्त्रीनं स्टूल ओढलं, वर चढला आणि पाटी उखडून काढली. काढताना अंगठा सोलवटला तो वेगळाच. डॉक्टरांनी खिडकीखाली उभं राहून हात जोडले. "आत्या, पाटी माझी. चूक माझी. वाटल्यास तुमचे दात जन्मभर फुकट बघतो."

"माझे दात माझ्या ग्लासात असतात," आत्या म्हणाली, पण खिडकी लागली नाही. जरा वेळानं जिन्यावर ओळखीची करवादणारी पावलं वाजली. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

मग शनिवारभर आत्या एका गाडीतून उतरून दुसरीत बसत होती. ती बसली की पाटा दबायचा, भोकासमोर भोक यायचं, बोल्ट आत. एकदा आवळला की मग कुणी उठलं तरी हरकत नसायची. कुठली सीट टोचते, कुठल्या गाडीत उंदीर राहून गेलाय, हेही ती मालकांना तोंडावर सांगत होती. शेवटी एक जोडी कमी पडली, तेव्हा मिस्त्रीनं वडिलांच्या गाडीची काढून दिली.

रविवारी सकाळी मिस्त्री वडिलांची गाडी बाहेर काढून खिडकीखाली आला. पुढं बायको बसली होती. त्यानं मान बाहेर काढली. बापासारखीच हाक मारली.

"आत्या! ये गं खाली. टेकू काढलाय. तुझ्याशिवाय चढायची नाही!"

आत्या आली, पण बसली नाही. दाराशी उभी राहून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"ठोंब्या, तुझा बाप सोमवारी ऑफिसला काय मला मांडीवर घेऊन जायचा?"

तिनं वर खिडकीकडे बोट केलं.

"माझी खिडकी या चढावर आहे. रोज बघत होते मी. एकटा बसायचा, क्लच हळू सोडायचा, गाडी लोण्यासारखी वर. रविवार आला की मात्र क्लच असा काही सोडायचा बाबा, की चाकानं नाचलंच पाहिजे. किती टायर झिजवले त्यानं माझ्यापायी! तू नेमका रविवारीच बघून शिकलास, आणि रविवारसारखीच गाडी चालवतोस."

मिस्त्री स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याचं दुकान, त्याची कारागिरी, सगळं बापाच्या एका थापेवर उभं होतं, आणि त्या क्षणी त्याला बापाची इतकी आठवण आली की समोरचा चढ धूसर झाला.

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हाक कुणी मारली असती?" आत्या म्हणाली. "हे गेल्यावर मी त्या खोलीतून बाहेर पडत नव्हते रे. कुणी ये म्हटलं असतं तर नाहीच म्हणाले असते. गाडीला कसं नाही म्हणणार? जा आता. हळू सोड. बघ चढते का."

मिस्त्रीनं गियर टाकला. क्लच सोडला, हळू. चाक नाचलं नाही, रबराचा वास आला नाही. गाडी सरसर चढून गेली आणि माथ्यावर उभी राहिली. आरशात पायथ्याशी आत्या दिसत होती, पिशवी पोटाशी धरून.

"चढली की हो," बायको म्हणाली.

मिस्त्रीनं गाडी रिव्हर्समध्ये घातली, सावकाश खाली आणली, आत्याशेजारी थांबवली आणि मागचं डावं दार उघडलं.

"नाही चढत गं, आत्या," तो म्हणाला. "बस."

आत्यानं चढाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तरी मी म्हणतच होते," ती म्हणाली आणि आत बसली. पाटे कुरकुरले.