खंडेनवमीचं कोरं पान

कारखान्याच्या मोठ्या गिऱ्हाईक विभाजी आपली ऑर्डर बघायला दिल्लीहून निघाल्या होत्या आणि इकडे पडदा पांढराफटक होता.

"दिसतंय का काही?" वसंतरावांनी पुन्हा विचारलं.

"नाही, काका." कीर्तीनं परत बटण दाबलं. चूक सांगणारी ओळ नाही, अर्धवट चित्र नाही. पान येत होतं, पण कोरं. कॉम्प्युटर नाही म्हणत नव्हता. हो म्हणून गप्प बसत होता.

वसंतराव मूळ साताऱ्याचे. विमा कंपनीच्या बदलीनं जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर सीतापुऱ्यातल्या या रजयांच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले. कीर्ती भौतिकशास्त्राची ताजी पदवीधर. आपली ऑर्डर कुठवर आली हे गिऱ्हाइकाला स्वतःच बघता यावं, म्हणून हे वेब ॲप्लिकेशन तिनं एकटीनं खपून उभं केलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कारखाना आजच उघडला होता.

"मी बाईंना सांगून बसलोय, यंदा फोनवर काही विचारू नका, पडद्यावर बघा. आता काय कोरा पडदा दाखवू?" वसंतरावांचा आवाज चढला. "हे बघ कीर्ती, आज दिसलं नाही तर उद्यापासून आपला फोनच बरा. मग तुला इथं काम काय राहतं, तूच सांग."

कीर्ती उठून आतल्या खोलीत गेली. तिचा प्रोग्राम जिथं चालायचा त्या मशीनवर तेच पान उघडलं. रंगीत, भरलेलं, ठणठणीत! बाहेर येऊन बघितलं, तर पुन्हा कोरं.

"कौशिक, आत दिसतं, बाहेर दिसत नाही. मधे कोण आहे?"

"मधे माझा प्रॉक्सी आहे." कौशिक सगळी जोडणी सांभाळायचा. रेल्वेवाल्यांचा मुलगा, जन्म जयपूरचा, मराठी फक्त घरातली. बाहेरचे कॉम्प्युटर त्याच्या या मधल्या मशीनला विचारायचे, ते आतल्याला विचारायचं आणि उत्तर आणून द्यायचं. "पण ताई, तो बिचारा काय करणार? मतलब, जे मिळतं ते पुढे देतो. तुझा प्रोग्रामच खाली हात पाठवत असेल."

"मग आत बरा भरल्या हातानं येतो?"

कौशिकनं मान खाजवली आणि प्रॉक्सी बंद करून चालू केला. कोरं. कीर्तीनं आपला प्रोग्राम बंद करून चालू केला. कोरं. वसंतरावांनी पडद्याच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. तरी कोरं.

फोन वाजला. "जयपुरात शिरून टोंक फाटक ओलांडलं बाईंनी, पोचतीलच आता," वसंतराव रिसीव्हर ठेवत म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कीर्ती पुन्हा पडद्यासमोर बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिनं स्वतःला बजावलं. पानाच्या पत्त्याच्या शेवटी तिनं एक प्रश्नचिन्ह आणि मनात आलेला आकडा टाकला. पान रंगीत झालं.

"आलं! आता हात लावू नकोस!" वसंतराव ओरडले.

तिनं आकडा पुसला. पान परत कोरं.

"अगं, घालवलंस कशाला?"

"कळलं, काका. नवा पत्ता विचारला की प्रॉक्सी आत जाऊन विचारतो. जुना विचारला की जातच नाही. जपून ठेवलेलं शिळं उत्तरच वाढतो."

"हां, ते मीच सांगितलंय," कौशिक म्हणाला. "लाइन स्लो आहे ना. एकदा आणलेलं पान महिनाभर सांभाळून ठेव म्हणून. बंद-चालू केलं तरी ते जात नाही."

"पण त्याला कोरं पान मिळालं कधी? माझा प्रोग्राम बंद कधी..." कीर्ती थांबली. पडद्याच्या वरच्या कडेला वाळलेलं कुंकू होतं. "काका, खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं थांबवायला लावली होती."

"मग? शस्त्रं त्या दिवशी चालवतात का? कात्र्या, सुया, शिलाई मशिनं, सगळ्यांना विश्रांती. तुझ्या प्रोग्रामालाही दिली."

"दिली. मीच बंद केला होता, आज सकाळी चालू केला. पण तेव्हा इथं पान कुणी उघडलं?"

"मी! विझलेल्या पडद्याला कुंकू लावायचं होय? तुझं पान उघडलं, काही दिसलं नाही. म्हटलं, झोपलंय. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला."

"आणि प्रॉक्सीला आतून काहीच मिळालं नाही, म्हणून त्यानं ते झोपलेलं कोरं पानच महिन्याभरासाठी जपून ठेवलं."

कौशिक हसू दाबत आपल्या मशीनकडे पळाला आणि जपलेलं सगळं पुसून, महिनाभर जपायची अट काढून आला. कारखान्याच्या फाटकाशी हॉर्न वाजला. कीर्तीनं बटण दाबलं. पान उघडलं. रंगीत, भरलेलं. वसंतरावांनी कॉलर नीट केली.

विभाजी पडद्यासमोर बसल्या. दिवाळीनंतरची त्यांची दुकानातली सगळी विक्री या रजयांवर होती.

"देखिए जी, सब सामने है," वसंतराव ऐटीत म्हणाले. "पॅकिंग चल रही है."

विभाजींनी आपल्या ऑर्डरीवर क्लिक केलं. सुट्टीला जाण्याआधी शिवण विभागाच्या सतीशनं आतल्या मशीनवर स्वतः भरलेली ओळ समोर आली: कापड आलं. कापायला घेतलं नाही.

 सतीश रोज म्हणायचा 'हो जाएगा', आणि वसंतराव ते फोनवर 'हो गया' करून कळवायचे.

"ये लाइन किसने लिखी?" विभाजींनी विचारलं.

"सतीशजींनी," कीर्ती चाचरत म्हणाली. "पण पान... पन्ना मैंने बनाया है."

"इतने साल में पहली बार किसी ने मुझे सच बताया." विभाजी वसंतरावांकडे वळल्या. "कटाई आज शुरू होगी. अब मैं रोज़ यही देखूँगी. और इस लड़की को कहीं जाने मत दीजिएगा."

"नहीं जी, कैसी बात करती हैं! घर की बच्ची है," वसंतराव घाईघाईनं म्हणाले.

मग चहा सांगायच्या निमित्तानं ते कीर्तीच्या खुर्चीशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ते कोरंच जरा वेळ राहू द्यायचंस गं."