चाळीस मिनिटांची टकटक

बाबांनी दिलेली वर्षाची मुदत संपायला चार दिवस उरले असताना बटण्याच्या संगीताचा पहिला जाहीर प्रयोग ठरला, तो विद्युतदाहिनीच्या प्रतीक्षालयात.

‘बटण्या’ हे नाव भावोजींनी दिलेलं. विमा कचेरीतली बरी चाललेली नोकरी सोडून हा गृहस्थ कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसतो आणि दिवसभर बटणं दाबतो, यापलीकडे भावोजींना त्याच्या धंद्यात काही दिसलं नव्हतं. बटण्या स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणवायचा, पण घरातल्या घरात. स्वतःचं कपड्यांचं कपाट रिकामं करून, आत गाद्या ठोकून त्याने गाणाऱ्यांना उभं राहायला जागा केली होती. वर्षभरात तिथे पाचजण उभे राहिले आणि त्यातले दोघे गुदमरून बाहेर आले. कपडे तेव्हापासून खुर्चीवरच होते.

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका हुडकण्यात चाळीस वर्षं गेलेली. ओळ वाचता वाचता पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर वाजवायची त्यांना सवय होती, आणि निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्रही तसंच वाचायचे. मुलाने नोकरी सोडली तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, “एक वर्ष घे. नाही जमलं तर एक तारखेपासून जावयाच्या कारखान्यात जायचं.” जावयाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. तिथे बटण्यासाठी टेबल, खुर्ची आणि टेबलावरची पाटीसुद्धा अकरा महिने आधीच तयार होती.

आणि मुदतीचे दोन महिने उरले असताना दाहिनीच्या व्यवस्थापकांचा फोन आला, प्रतीक्षालयात वाजवायला संगीत हवं म्हणून.

“रडू फुटेल असं नको,” व्यवस्थापक म्हणाले, “आणि बरं वाटेल असंही नको. लोकांना फक्त बसवलं पाहिजे. चाळीस मिनिटांचं करा. आमचं काम तेवढ्यात आटपतं.”

दुसऱ्या कुणी हे काम नाकारलं असतं. बटण्याने ते जीव ओतून केलं. तीन वर्षांपूर्वी आईच्या वेळी तो आणि बाबा त्याच प्रतीक्षालयात बसले होते. तिथे तेव्हा संगीत नव्हतं, फक्त भिंतीपलीकडच्या यंत्राची घरघर होती. ती घरघर त्याच्या कानातून अजून गेलेली नव्हती.

त्याने संथ सूर रचले आणि नुसतं गुणगुणायला आत्याला कपाटात उभं केलं. आत्याचा गळा गोड, पण ताल म्हणजे आनंदीआनंद. ती कुठेही सुटायची आणि सगळ्यांच्या आधी पोहोचायची. म्हणून बटण्याने तिच्या कानात ठेका सोडला. मशीनमधला ठेका ऐकून आत्या म्हणाली, “मेल्या, डोक्यात खिळे ठोकतोयस का?” मग त्याने दुसरा शोधला. एकदा माइक चुकून चालू राहिला होता आणि त्यात बाबांच्या पेन्सिलीची टकटक उतरली होती. त्यातली एक टक कापून त्याने ती सेकंदाला एक अशी ओळीने मांडली. आत्या खूश झाली आणि चक्क तालात गुणगुणली.

ही टकटक फक्त आत्याच्या कानापुरती होती. काम पुरं झाल्यावर एक बटण दाबून ती बंद करायची आणि मग गाणं पाठवायचं, एवढंच राहिलं होतं. पण सलग सहा आठवडे टकटक ऐकून ती बटण्याला ऐकू येईनाशी झाली होती. वर्षभर बटणं दाबणारा माणूस तेवढं एक बटण दाबायला विसरला. व्यवस्थापकांनी सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून छान आहे म्हटलं, आणि टकटक सुरू होत होती तिसऱ्या मिनिटाला, आत्याबरोबर.

“बाबा, एकदा ऐका आणि मग ठरवा,” बटण्या म्हणाला.

“घरीच ऐकव की.”

“घरी नाही. तिथे बसून ऐकायचंय.”

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. भर दुपारी बापलेक दाहिनीच्या प्रतीक्षालयात गेले आणि एका अनोळखी गृहस्थाच्या अंत्यविधीला मागच्या रांगेत जाऊन बसले. पुढच्या रांगेत त्या गृहस्थाची बायको, दोन मुलगे आणि बरेच नातेवाईक होते. समोरच्या काचेपलीकडे, दाहिनीच्या दाराशी गृहस्थ स्वतः पांढऱ्या चादरीखाली होते. एका वयस्कर नातेवाइकाने बाबांचा हात हातात घेऊन विचारलं, “तुम्ही त्यांच्या ऑफिसातले का?” बाबांनी गंभीरपणे मान हलवली. खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

संगीत सुरू झालं. दोन मिनिटं सगळे शांत बसले. बटण्याने चोरून बाबांकडे पाहिलं, बाबांचे डोळे मिटलेले होते. मग आत्याचा आवाज आला आणि त्याच्याबरोबर टक, टक, टक.

बाबांनी डोळे उघडले. “ही टकटक मुद्दाम घातलीय?”

बटण्याने मनातल्या मनात हिशेब केला. चार दिवस उरलेत, बापाने आयुष्यभर चुकाच पकडल्यात, आणि वर्षभराच्या मेहनतीत त्याला पहिली दिसली ती चूकच.

“हो,” तो म्हणाला. “मुद्दामच.”

“बरं,” बाबा म्हणाले.

पुढच्या रांगेत धाकट्या मुलाने मान वर केली. “दादा, कसला आवाज येतोय रे?”

“घड्याळ असेल.”

“घड्याळ इथे कुठाय?”

दोघांनी आधी भिंतींकडे पाहिलं, मग काचेकडे. मोठ्याचा चेहरा उतरला. “आपल्या बाबांचा पेसमेकर काढला होता ना?”

“मला वाटलं तू सांगितलंस.”

“मला वाटलं तू!”

हे व्यवस्थापकांनी ऐकलं आणि त्यांना घाम फुटला. पेसमेकर आत गेला तर भट्टीत स्फोट होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तो वाजत नसतो, हे मात्र त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. “थांबवा! थांबवा!” करत ते धावले. दाहिनी थांबली. बाहेर पुढची मंडळी येऊन उभी होती, तीही काय झालं म्हणून दारात गोळा झाली. संगीत बंद करायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एवढ्यात त्या गृहस्थांची बायको उठली. इतका वेळ या बाई दगडासारख्या बसून होत्या. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अरे, यंत्र कसलं? हृदय चाललंय त्यांचं. ऐका तरी.”

सगळ्यांनी ऐकलं. सेकंदाला एक, संथ, निरोगी टक. बटण्याने बसवलेला ठेका आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी एवढं कान देऊन ऐकत होतं.

“गप्प का बसलायस?” बाबा कुजबुजले.

“काय सांगू?”

“मुद्दाम घातलीय म्हणालास ना? मग सांग.”

हे कबूल केलं की पहिलं काम गेलं, आणि त्याबरोबर दुसरं कधीच मिळणार नव्हतं. आणखी पाच मिनिटांत सगळं आपोआप निवळेल, अशी आशा धरून बटण्या बसून राहिला.

निवळवायला आले ते मुलांनी फोन करून बोलावलेले डॉक्टर. मृत्यूचा दाखला त्यांनीच दिला होता, त्यामुळे ते धापा टाकत आणि चिडूनच आले. आत जाऊन त्यांनी चादर बाजूला केली, छातीला नळी लावली आणि ओरडले, “आधी ते संगीत बंद करा! काही ऐकू येत नाहीये!”

व्यवस्थापकांनी संगीत बंद केलं, आणि टकटक थांबली.

बाईंनी अशी किंकाळी फोडली की दारातले लोक मागे सरकले. “आत्ता गेले! याने हात लावला आणि गेले!”

मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. धाकट्याने डॉक्टरांची कॉलर धरली. “कालपासून मेलेला आहे हो हा माणूस!” डॉक्टर ओरडत होते, आणि त्या घटकेला यापेक्षा वाईट वाक्य त्यांना सुचणं शक्य नव्हतं. मोठ्या मुलाने त्यांची नळी हिसकावली आणि खुर्च्या आडव्या झाल्या.

बटण्या उठला.

“ती टकटक माझी आहे!” तो सगळ्या ताकदीनिशी ओरडला. “मी म्युझिक प्रोड्यूसर आहे!”

एकदम शांतता पसरली. घराबाहेर हे वाक्य उच्चारण्याची त्याची पहिलीच वेळ होती. समोर साठ माणसं होती आणि साठही त्याच्याकडे खुनी नजरेने पाहत होती. त्याने आत्या, कपाट आणि राहून गेलेलं बटण सगळं सांगितलं. व्यवस्थापकांनी खात्रीसाठी संगीत पुन्हा लावलं. टक, टक, टक. डॉक्टरांनी कॉलर सोडवून घेतली. बटण्याला आता मार बसणार हे नक्की होतं. तसा धाकटा दोन पावलं पुढे आलाही होता, पण बाईंनी हात वर केला.

“चालू राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. “त्यांना घेऊन जा आता.”

चाळीस मिनिटं कुणी हललं नाही. बाई काचेकडे बघत होत्या आणि त्यांचं एक बोट मांडीवर ठेका धरत होतं. सगळं झाल्यावर त्या बटण्यापाशी आल्या. त्याने मान खाली घातली.

“मला एक प्रत मिळेल?”

बटण्याला भरून आलं. “मिळेल की! नक्की देतो.”

“पण मधले ते सूर आणि कुणीतरी बाई गळा काढतेय ते काढता येईल का? फक्त टकटक हवी.”

बटण्या हो म्हणाला. त्याशिवाय तो म्हणणार तरी काय होता! व्यवस्थापकांनी त्याला दारातच गाठून सांगितलं की यापुढे प्रतीक्षालयात यंत्राची घरघरच पुरे आहे.

बापलेक चालत निघाले. शेवटी बटण्यानेच विषय काढला. “भावोजींना फोन करून टाका. एक तारखेला येतो म्हणून.”

“ती टकटक कसली होती?”

“तुमच्या पेन्सिलीची.”

बाबा थांबले. खिशात पेन्सिल होती ती त्यांनी काढून पाहिली आणि परत ठेवली.

“एक चूक राहिली,” ते म्हणाले. “बाकी मजकूर स्वच्छ होता. आईच्या वेळी असं काही हवं होतं.”

बटण्या वळून त्यांच्याकडे बघायला लागला, तसे ते पुढे म्हणाले,

“माझ्या वेळचं तूच कर. आत्या असू दे. टकटकही राहू दे, ती माझीच आहे.”

“बाबा, काहीतरीच काय बोलता!”

“आणि जावयाला सांग, जमणार नाही म्हणावं. हातात काम आहे.”

बटण्याने डोळे पुसले. वर्षभर बाबांच्या मुदतीखाली जगलेल्या त्या माणसाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “मुदत किती आहे?”

बाबा चालू लागले होते.

“ते आता माझ्या हातात नाही,” ते मागे न बघता म्हणाले. “पण या वेळी नीट तपासून घे. मी काही चुका दाखवायला उठणार नाही.”