दहावी ते बी.एड. एका स्क्रूत

दार लटकलं की लोक सुतार बोलावतात. मी तसल्या लोकांतला नाही! खोक्यातून सुटे भाग आणून आमची दोन्ही कपाटं मी स्वतः जोडली आहेत. एक माझं, एक बायकोचं, एकमेकांना खेटून उभी. जोडून झाल्यावर अकरा स्क्रू उरले, तेव्हा बायकोने विचारलं, "हे कुठले?" म्हटलं, "कंपनीने जास्तीचे दिलेत, प्रेमाने!" वर्षभरात माझ्या कपाटाचं दार बिजागरीतून असं कललं, की उघडण्याआधी त्याला खांदा द्यावा लागे.

परवा सकाळी शेजारच्या काकांचं ड्रिल मशीन आणलं. नेमकी त्याच दिवशी बायकोची मुलाखत. बारा वर्षं शाळेत शिकवतेय, आता कुठे मुख्याध्यापिकेची जागा निघालेली. अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह.

"अहो, आजच कशाला?"

"अगं, दहा मिनिटांचं काम!"

"माझ्या कपाटाला हात लावायचा नाही. फाइल आहे आत."

"तुझ्या कपाटाशी माझा काय संबंध?" आणि देवाशपथ सांगतो, मी तिच्या कपाटाला बोटसुद्धा लावलं नाही!

माझं निदान पक्कं होतं. स्क्रू आखूड! सोबत आलेलं पत्रक? ते वाचणारे वेगळे! डब्यातून बोटाएवढा लांब स्क्रू शोधला, बिजागरीवर टेकवला आणि घर्रर्र! दार असं ताठ उभं राहिलं, की मीच मला शाबासकी दिली.

"ये, बघ!"

ती केस विंचरत आली. दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. "बरं आहे," म्हणाली. सोळा वर्षांच्या संसारातलं हे सर्वोच्च कौतुक! मग तिने आपलं कपाट उघडून फाइल ओढली. फाइल हलेना.

मी डोकावलो. माझी फळी, तिची फळी, दोन्ही पार करून माझा स्क्रू तिच्या फाइलमध्ये शिरला होता. फाइल कपड्यांच्या ढिगामागे कडेला दाबून ठेवलेली, बिचारी पळणार तरी कुठे?

तिने कोपरा उचकटून पाहिला. "दहावी आणि बारावी," ती थंडपणे म्हणाली. ती ओरडली की मी निर्धास्त असतो, हा थंड आवाज वाईट.

"पदवी शाबूत आहे ना? मग! आत्ता काढतो."

बटण दाबलं. घर्रर्र!

"अहो, थांबा! आत चाललाय!"

काढताना स्क्रू उलटा फिरवायचा असतो, हे मला माहीत होतं. मशीनला माहीत नव्हतं. पदवी गेली. पाठोपाठ बी.एड. गेलं. मी स्वतः बारावीला दोनदा अडलो होतो, माझा स्क्रू मात्र एका दमात बी.एड.!

"आता काय, कपाटासकट जाऊ मुलाखतीला?"

मी खरोखरच टॅक्सीच्या टपाचा अंदाज घेतला. पण ती पलंगावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "बारा वर्षं वाट पाहिली हो मी." सव्वादहा झाले होते.

तेवढ्यात काका मशीन मागायला आले. "अरे शहाण्या, हे उलटं बटण काय शोभेला दिलंय?" एका सेकंदात स्क्रू बाहेर! मग त्यांनी बिजागरीवरचा एक बारकासा स्क्रू दाखवला. "याला अर्धा पीळ दिला असतास, तरी दार बसलं असतं."

बायको चार भोकं घेऊन पळत सुटली. मी दुपारपर्यंत पाणीसुद्धा प्यायलो नाही.

ती आली ती हसतच! मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं म्हणे, "सगळ्यांना एकाच जागी भोक?"

"यांनी कपाटाचं दार बसवलं."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "आमच्या यांनी नळ बसवला होता," म्हणाल्या. "घर सांभाळून बारा वर्षं वेळेवर येताय ना? मग शाळा काय कठीण आहे!" जागा मिळाली!

"बघ! माझ्या हाताला यश आहे," मी म्हणालो. तिने तो लांब स्क्रू उचलून पर्समध्ये टाकला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

सोमवारी शाळेत तिची पहिली नोटीस लागली. 'कपाटांच्या दुरुस्तीसाठी सुतारच बोलवावा. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी हात लावू नये.' नोटीस फलकावर टाचणीने लावलेली नाही, माझ्या त्या लांब स्क्रूने लावली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. अगदी सरळ बसलाय. तिने स्वतः बसवलाय.