बेटावर पहिलं पाऊल कोणाचं

एका जंगलात, पोरांनो, एक रुंद नदी होती. अलीकडे सिंहाचं राज्य, पलीकडे वाघाचं. मधोमध वाळूचं एक बेट. तिथं झाड नव्हतं, शिकार नव्हती. तरी ते सिंहाला हवं होतं, कारण वाघाला हवं होतं. वाघालाही तेच कारण पुरलं.

बेटावर भागी टिटवी राहायची. वाळूच्या खळग्यात तिची चार अंडी होती. पण दोन्ही राज्यांच्या नकाशांवर बेट ओसाड लिहिलेलं. आता नकाशा कधी खोटं बोलतो का?

चैत्रातल्या एका सकाळी दोन होड्या आल्या. एकीत सिंहाचा वकील कोल्हेबुवा, दुसरीत वाघाचा वकील तरसराव. दोघांपाशी निशाण, दोघांमागे वीस-वीस शिपाई. एवढे पाय उतरले तर अंड्यांचं काय होईल, ते भागीला कळलं.

ती ओरडली नाही. काठाशी गेली आणि म्हणाली, "या, या. पहिल्या पावलाचा मान कोणाचा, तेवढं सांगा. म्हणजे ओवाळायला बरं."

कोल्हेबुवांनी उचललेला पाय होडीतच ठेवला. "मान आमचा. विचारायचं काय त्यात?"

"तुमचा कसा?" तरसराव म्हणाले. "तुम्ही काय नवरदेवाचे मामा?"

"आणि तुम्ही कुठले व्याही लागून गेलात?"

"दोघं एकदम उतरा की," एक शिपाई कंटाळून म्हणाला.

"शहाणा आहे," भागी म्हणाली. "पण मग नाव आधी कोणाचं पुकारू?"

झालं. दोन्हीकडे खलिते गेले. उत्तरं आली, उत्तरांना उत्तरं गेली. वकील होडीतच जेवले, होडीतच घोरले. वैशाखात अंडी फुटली. जेठात पिल्लं वाळूवर पळू लागली. ती कोणाची प्रजा, यावर आणखी पंधरा दिवस गेले. तेवढ्यात त्यांना पंख फुटले.

आषाढात तह झाला. बेट निम्मं-निम्मं, पाऊल एकदम, नावं दोन भालदारांनी एका दमात पुकारायची. नदीचं पाणी चढत होतं, पण तहात त्याचा उल्लेख नव्हता.

ढोल वाजले. कागदावरची नजर न काढता दोघांनी एकदम पाय टाकला.

पाण्यात.

शिपाई त्यांना शेपटीला धरून वर काढत होते, तेव्हा डोक्यावरून पाच टिटव्या गेल्या. भागीनं दोघांची नावं पुकारली. आधी कोणाचं, ते त्या गोंधळात कोणालाच ऐकू आलं नाही.

तात्पर्य: थोरामोठ्यांचं भांडण मिटवायला जाऊ नये. निदान आपल्या पोरांना पंख फुटेपर्यंत तरी.